भिंगातली बुरशी

३ जानेवारी

जावईबापू,

आशीर्वाद आहेतच. तुम्ही दोघं सुखरूप पोहोचल्याचं मुलीने तिच्या आईला फोनवर सांगितलं आणि आईने मला. मी मात्र पत्रच लिहिणार. फोनवर बोललेलं माणूस दुसऱ्या दिवशी सरळ नाकारतो. लेखी असलं की सुटका नाही.

निघताना तुमच्या हातात जो कॅमेरा ठेवला त्याविषयी गडबडीत नीट सांगता आलं नाही. छत्तीस वर्षं स्टुडिओत मी लोकांचे ओळखपत्राचे फोटो काढले ते दुसऱ्या कॅमेऱ्यावर. हा माझा स्वतःचा. मीडियम फॉरमॅट म्हणतात याला. एकावर एक दोन भिंगं. वरचं बघतं, खालचं फोटो काढतं. पोटाशी धरायचा, वरचं झाकण उघडायचं आणि मान खाली घालून दुधी काचेत बघायचं. फिल्म चांगली रुंद, निगेटिव्ह चौकोनी. एका रोलमध्ये फोटो मात्र बाराच.

पण आता त्याचा काळ संपला. दोन वर्षांपासून भिंगाला बुरशी लागली आहे. मी टॉर्च मारून पाहिलं, आत धुकंच धुकं. शेवटच्या रोलच्या निगेटिव्हही धुरकट आल्या. तुमच्या सासूबाई म्हणतात, त्यांना काही बुरशी दिसत नाही. पण त्यांचा बुरशीचा अभ्यास पावाच्या पुढे गेलेला नाही. तेव्हा रोल घालण्याच्या फंदात पडू नका. दिवाणखान्यात शोभेला ठेवा. जावयाला काहीतरी घसघशीत द्यायचं राहिलं होतं, ते देऊन मी मोकळा झालो.

हल्ली सगळ्याच वस्तूंचा दर्जा घसरला आहे. वर्तमानपत्राची शाई पुसट, नवी ट्यूब लावली तरी मिणमिणती. आणि तुम्ही बनवलेली कवळी जेवताना टकटक वाजते. मी जेवायला बसलो की शेजाऱ्यांना कळतं.

तुमचा सासरा

२० जानेवारी

बाबा,

साष्टांग नमस्कार. कवळी घेऊन एकदा या, कडा घासून देतो. टकटक थांबेल.

तुमची आज्ञा मोडली, क्षमा करा. कॅमेरा शोभेला ठेवला होता, पण येताजाता त्याच्याकडे बघून हात शिवशिवायचे. शेवटी रोल आणलाच. घालताना तो एकदा हातातून सुटून पलंगाखाली गडगडत गेला आणि पूर्ण उलगडला. दुसरा आणला.

दुधी काचेत डावं उजवीकडे आणि उजवं डावीकडे दिसतं हे तुम्ही सांगितलं नव्हतं. पोस्टमन सायकलवरून चालला होता. काचेत तो डावीकडे सरकला म्हणून मी डावीकडे वळलो, तर तो गायबच. त्याच्या मागे मी स्वतःभोवती गिरकी घेतली आणि कुंपणाचा उत्तम फोटो काढला. बारापैकी चार फोटो कुंपणाचे, दोन माझ्या चपलांचे.

बाकीचे मात्र बरे आलेत. एक सोबत पाठवतो. आमच्या कवळ्यांच्या लॅबच्या दारात आपले कुलूपवाले काका उभे आहेत, त्या दिवशीच नवीन दात बसवून घेतलेले. बुरशी म्हणाल तर मला तितकीशी जाणवली नाही. एक विचारू का? वर्तमानपत्र आईंनाही पुसट दिसतं का?

तुमचा,
जावई

२९ जानेवारी

जावईबापू,

फोटो मिळाला. कुलूपवाले आहेत की दाराला टेकवलेलं प्लास्टरचं पोतं, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. यालाच बुरशी म्हणतात. तुम्हाला ती जाणवत नाही यात तुमचा दोष नाही. नजर तयार व्हायला वर्षं जावी लागतात. मी एका नजरेत सांगत असे की, समोरचा आदल्या रात्री झोपला होता की नाही.

वर्तमानपत्राचं म्हणाल तर तुमच्या सासूबाई ते घडाघडा वाचून दाखवतात. पाठ करत असाव्यात. आठवडाभर त्यांनी डोळ्यांच्या डॉक्टरचं टुमणं लावलं आहे. त्यांच्या डोक्यात हे कोणी भरवलं देव जाणे. घरात शांतता राहावी म्हणून एकदा जाऊन येईन.

रोलवर पैसे उधळू नका. दात बनवणाऱ्याने दात बनवावेत.

तुमचा सासरा

१६ मार्च

जावईबापू,

मध्यंतरी थोडा कामात होतो, म्हणून पत्र नाही.

बरेच दिवस मनात काळजी आहे, ती स्पष्टच लिहितो. तो कॅमेरा तुमच्या घरात असणं बरं नव्हे. एक तर वजन. गळ्यात अडकवून दोन तास हिंडलं की मानेचं काम तमाम. त्यात तुम्ही दिवसभर वाकून कवळ्या घासणार. दुसरं, खाली बघत चालण्याची सवय लागते. माझ्या ओळखीचे एक फोटोग्राफर असेच मागे मागे सरकत कारंज्यात पडले होते. तिसरं, प्रकाश किती ते कॅमेरा सांगत नाही. आपणच अंदाज बांधायचा आणि आठ दिवसांनी आपण मूर्ख आहोत हे कळायचं. चौथं, जवळून चेहरा काढला तर वरच्या भिंगातून अख्खं डोकं दिसतं आणि खालचं भिंग ते बेधडक कापतं. शिवाय बारा फोटो संपले की नवा रोल घालेपर्यंत समोरचा माणूस म्हातारा होतो.

असली ब्याद मी तुमच्या गळ्यात घातली, याचं वाईट वाटतं. तेव्हा ती परत पाठवून द्या. मी इथे तिची विल्हेवाट लावतो.

कुलूपवाल्यांचा फोटो सहज परत हातात आला. त्यांच्या शर्टाचं तिसरं बटण तुटलेलं आहे आणि चाव्यांच्या जुडग्यात एक चावी गंजलेली आहे. वरचा डावा सुळाही तुम्ही किंचित तिरका बसवला आहे. आणि कवळीविषयी अजून एक तक्रार. माझे दात इतके पांढरे आहेत हे मला कोणीच कसं सांगितलं नाही? आरशात बघितल्यावर मी एक पाऊल मागे सरकलो.

तुमचा सासरा

२७ मार्च

बाबा,

नमस्कार. तुमची माझ्याबद्दलची काळजी वाचून गहिवरलो. पण विल्हेवाटीची तसदी तुम्ही कशाला घेता? ब्याद आता माझी आहे, मीच निस्तरतो.

तुम्ही लिहिलेला एकूण एक दोष खरा आहे आणि मी त्या दोषांवरच लट्टू झालो आहे. बाराच फोटो असल्यामुळे मी खटका दाबण्याआधी श्वास धरतो. मोबाइलवर मी एकेका भिंतीचे चाळीस फोटो काढत असे आणि परत कधी उघडूनही बघत नसे. वजनाचं म्हणाल तर पोटाशी धरल्यावर हात थरथरत नाहीत. प्रकाशाचा अंदाज चुकतो खरा, पण आता सकाळी उठल्याबरोबर मी आधी खिडकीतला उजेड बघतो. आयुष्यात पहिल्यांदाच.

आणि खरं कारण वेगळंच आहे. आमच्याकडे नवीन दात बसवलेला माणूस हसत नाही. त्याला वाटतं, सगळे आपल्या तोंडाकडेच बघताहेत. मोबाइल समोर धरला तर ओठ घट्ट मिटतो. पण हा कॅमेरा घेऊन मी मान खाली घालून उभा राहिलो की त्यांना वाटतं, याचं आपल्याकडे लक्षच नाही, हा बिचारा काहीतरी शोधतोय. मग हळूहळू हसू फुटतं. काल एक शिवणकामवाल्या आजी सहा वर्षांनी दात दाखवून हसल्या. फोटो बघून त्यांची मुलगी रडली, आजींनी तिलाच दटावलं. असं हसू मी माझ्या कामात कधी पाहिलं नव्हतं. मी फक्त दात पाहत होतो.

सुळा तिरकाच आहे. कुलूपवाले काका तसाच मागत होते, त्यांचा जुना तसाच होता. बाबा, तुमची नजर एकदम इतकी तयार कशी झाली?

तुमचा,
जावई

४ एप्रिल

जावईबापू,

माझ्या नजरेचा विषय इथे नको.

मी एक तोडगा काढला आहे. दुकानात नवा डिजिटल कॅमेरा पाहून आलो. पडद्यावर फोटो लगेच दिसतो, डावं डावीकडेच राहतं, डोकं कापत नाही. विक्रेता म्हणाला, हा चेहरा ओळखून स्वतःच खटका दाबतो. म्हणजे तुम्ही तिथे नसलात तरी चालेल. असा कॅमेरा मी तुम्हाला भेट देतो. खोक्यासकट. त्याच खोक्यात ती जुनी ब्याद घालून परत पाठवा म्हणजे खोकंही वाया जाणार नाही.

मी मागतो आहे असा कृपा करून अर्थ काढू नका. दिलेली वस्तू परत मागणाऱ्यांतला मी नव्हे. केवळ तुमच्या मानेचा विचार.

तुमचा सासरा

५ एप्रिल

जावईबापू,

मी कधी पत्र लिहीत नाही, पण हे फोनवर बोलण्यासारखं नाही. हे दिवसभर फोनच्या आसपास घिरट्या घालतात.

यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन फेब्रुवारीतच झालं. 'जावयाला कळता कामा नये' अशी आम्हाला तंबी होती. तुमच्या बायकोने ती किती मिनिटं पाळली ते मला ठाऊक आहे. जानेवारीत तुम्हीच तिच्याकडून निरोप पाठवलात ना, की भिंग लख्ख आहे, बाबांचे डोळे दाखवा? ते मी यांना अजून सांगितलेलं नाही. नाहीतर चिडून पट्टी परत बांधून घेतील. पण मला एक कळतं. त्यांना दिसायला लागलं की कॅमेऱ्याची आठवण येणार, हे तुम्हाला तेव्हाच ठाऊक असणार. तरी तुम्ही सांगितलंत.

दोन वर्षं घरात बल्ब बिघडले, कागद बिघडला, खिडकीच्या काचा मी नीट पुसत नाही म्हणून माझा उद्धार झाला. फक्त यांचे डोळे तेवढे ठणठणीत होते. आता सगळं दिसतं. छताच्या कोपऱ्यातलं जाळं दिसतं, भाजीतला खडा दिसतो, माझा जीव नकोसा झाला आहे.

पट्टी काढली त्या दिवशी यांनी आधी तुमचा तो कुलूपवाल्यांचा फोटो मागितला. बहिर्गोल भिंग घेऊन तासभर पाहिला. मग कपाटातून कॅमेऱ्याची रिकामी चामडी पेटी काढली आणि उघडून मांडीवर घेऊन बसले. परवा मला खिडकीशी उभं केलं, दोन्ही हात पोटाशी धरले आणि खाली मान घालून गप्प उभे. मी विचारलं, पोट दुखतंय का? मग लक्षात आलं, हातात कॅमेरा आहे असं समजून ते माझा फोटो काढत होते. छत्तीस वर्षांत यांनी गावभर फोटो काढले. माझा एकच, ओळखपत्राचा. त्यात मी नुकतीच पकडल्यासारखी दिसते.

मी कॅमेरा मागत नाही. तुम्हाला तो किती लागतो हे मुलीने सांगितलंय. यांच्या तोंडून मात्र 'परत द्या' हे शब्द जन्मात निघणार नाहीत. तुम्हाला माहीत असावं म्हणून लिहिलं.

सासूबाई

१४ एप्रिल

बाबा,

नमस्कार. तुमचं म्हणणं अखेर पटलं. मान फारच दुखते. डावीउजवीकडे वळवता येत नाही, रस्ता ओलांडताना बायको हात धरून नेते. परवा मागे सरकताना आमच्या प्लास्टरच्या बादलीत पाय गेला. तुमचे ते कारंजेवाले आठवले.

बुरशीही वाढली आहे. आता मलासुद्धा जाणवते. अशा अवस्थेत ही ब्याद तुमच्यासारख्या जाणत्या माणसाकडेच असलेली बरी. कॅमेरा याच टपालाने पाठवला आहे, खोक्याला चारी बाजूंनी कापूस लावला आहे. त्यात पाच रोल चुकून गेलेत, ते परत पाठवण्याचा खर्च करू नका. नवा डिजिटल कॅमेराही घेऊ नका. माझ्याशिवाय फोटो काढणारा कॅमेरा घरात आला तर घरचे मला विचारणार नाहीत.

माझी एवढीच विनंती. विल्हेवाट सावकाश लावा.

तुमचा,
जावई

२५ एप्रिल

जावईबापू,

तुम्ही सराईत खोटारडे आहात. मुलीला विचारलं, तुमची मान उत्तम वळते.

कॅमेरा मिळाला. टॉर्च मारून पाहिलं. भिंग नव्यासारखं लख्ख. तुमच्या सासूबाई समोर उभ्या होत्या. मी म्हणालो, बुरशी गेली वाटतं. त्यावर त्यांनी जानेवारीपासूनचं सगळं सांगून टाकलं आणि वर म्हणाल्या, आता तरी जावयाशी सरळ बोला.

तेव्हा सरळ लिहितो. बुरशी माझ्या डोळ्यात होती. छत्तीस वर्षांच्या अनुभवाने मी चांगला कॅमेरा वाया गेला म्हणून जाहीर केला आणि फुकटचं औदार्य दाखवून तुमच्या गळ्यात बांधला. तुम्ही मला डोळे दिलेत आणि मी तुम्हाला मानदुखीची भीती घालत बसलो. मला लाज वाटते. हे लेखी आहे, हवं तेव्हा दाखवा.

पट्टी निघाली तेव्हा हिला पाहिलं. कपाळावर एक उभी रेघ आहे. ती कधी पडली मला ठाऊक नाही. कानापाशी केस पूर्ण पांढरे झालेत, हेही मला कोणी सांगितलं नाही. दोन वर्षं मी हिच्याशी धुक्यातून बोलत होतो आणि त्याआधीची चौतीस वर्षं गिऱ्हाइकं बघत होतो. घरचंच माणूस, काढू कधीतरी, म्हणून हिचा फोटो राहिला तो राहिलाच. मला तो काढायचा होता. याच कॅमेऱ्यावर. आणि हे सांगायची लाज वाटत होती म्हणून कारंजं वगैरे.

दिलेलं परत घेणारा सासरा असं माझं नाव व्हायला नको. कॅमेरा तुमचाच आहे. हिचा एक फोटो मनासारखा आला की त्याच दिवशी पार्सल करतो.

तुमचा सासरा

१० ऑगस्ट

आई,

नमस्कार. हे पत्र मुद्दाम तुमच्या नावाने लिहितो आहे.

बाबांची गेल्या तीन महिन्यांत तीन पत्रं आली. पहिल्यात तुमचं डोकं कापलं गेलं होतं. दुसऱ्यात खिडकीतून ऊन जास्त आलं. तिसऱ्यात ऊन बेताचं होतं, पण तुम्ही हललात. दर वेळी 'पुढचा नक्की साधेल, मग लगेच पाठवतो' असं लिहितात.

मला घाई नाही. म्हणजे थोडी आहे. इथे मोबाइलने काढतो आहे आणि माणसं परत ओठ मिटून उभी राहायला लागली आहेत. कालच एक गायनमास्तर नवे दात घेऊन गेले. लॅबमध्ये एकदाही हसले नाहीत, जिन्यात मोठ्याने हसल्याचं ऐकू आलं. मी धावत गेलो तर संपलं होतं. आई, फोटोचं कुठवर आलं, एवढंच कळवा.

तुमचा,
जावई

२१ ऑगस्ट

जावईबापू,

तुमचं पत्र यांना दाखवलं नाही. काल हे चालायला गेले तेव्हा मी निगेटिव्हचा डबा उघडला आणि एकेक पट्टी खिडकीच्या काचेला लावून बघितली. सात रोल झालेत. चौऱ्याऐंशी वेळा मीच. पहिल्या रोलमधल्या बाराजणींना डोकं नाही, ते खरं आहे. त्या दिवशी त्या दुःखात हे जेवलेसुद्धा नव्हते. पण बाकीच्या बहात्तरजणी? मला त्यातलं फारसं कळत नाही, तरी कपाळावरची रेघ मोजता येईल इतकं स्वच्छ दिसतं. ऊन जास्त नाही. मी कुठेही हललेली नाही.

तुम्हाला वाटेल, कॅमेरा हातचा जाऊ नये म्हणून थापा मारताहेत. असेलही. तुमचा राग मी समजू शकते. तुम्ही या कॅमेऱ्याची वाट बघू नका. तसलाच दुसरा कुठे मिळतो का ते शोधा, त्याचे पैसे मी यांच्याकडून वसूल करते. मी चांगली वेळ पाहून बोलेन. तेवढं माझ्याकडे लागलं.

पण आत्ताच मला काही बोलायला लावू नका. रविवारी दुपारी हे मला खिडकीशी बसवतात. झाकण उघडतात, मान खाली घालतात आणि काचेत बघत उभे राहतात. खटका लवकर दाबत नाहीत. सुरुवातीला मला वाटायचं, उभ्याउभ्या डोळा लागला की काय. एकदा मी म्हटलं, अहो, आटपा. तर वर न बघताच म्हणाले, थांब जरा, आत्ता कुठे दिसायला लागलीस. इतका वेळ यांनी माझ्याकडे लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं.

रोल धुऊन झाला की न्हाणीघरातून बाहेर येतात आणि म्हणतात, याही वेळी बिघडला, परत बसावं लागेल. मी 'अरेरे' म्हणते. आणि पुढच्या रविवारी जेवण लवकर उरकून, केस विंचरून, बोलावायच्या आधीच खिडकीशी जाऊन बसते.

सासूबाई